दादांचा नमुना

आमच्या घरातलं सगळ्यात मोठं भांडण झालं ते रक्तावरून. वाटणीवरून नाही, घरावरून नाही. हेमंतच्या दंडात जे बी बसवायचं होतं, त्यासाठी नमुन्याचं रक्त कुणाचं घ्यायचं, यावरून. त्या भांडणात मी हरले. हरायची मला सवय नाही, म्हणून ते अजून जास्त लागतं.

हेमंत माझा नवरा. मिरजेत आमचं तंबोऱ्यांचं दुकान आहे. भोपळा कापणं, दांडी जोडणं ही कामं कारागीर करतात, हेमंत फक्त जवारी काढतो. तंबोऱ्याच्या तारा ज्या पट्टीवर टेकतात तिला घोडी म्हणतात. तिचा माथा कानशीनं असा घासायचा की तार छेडल्यावर तिच्यातून गुंजन उठलं पाहिजे. तीच जवारी. जरा जास्त घासलं की तार मुकी, कमी घासलं की खरखर. हल्ली त्याचंही यंत्र निघालंय, पण त्यानं काढलेली जवारी ऐकून गवई लोक नाक मुरडतात. त्यामुळे कुठून कुठून तंबोरे आमच्याकडे येतात आणि भिंतीला टेकून हेमंतची वाट बघत बसतात. वाट बघतात, कारण हा माणूस मुलखाचा संथ! एक घोडी हातात घेतली की चहा समोर निवून जायचा, जेवायला चार हाका माराव्या लागायच्या. मी कटकट करायची आणि तो हसायचा. "घाई करून जवारी निघत नसते गं," एवढंच म्हणायचा.

पण बैठं काम, वरून खायची आवड. वजनानं शंभरी केव्हाच ओलांडली होती. साखर तर अशी की इन्सुलिन वाढवून वाढवून डॉक्टर दमले. मग एक दिवस कानशीच्या टोकाशी त्याला काळे ठिपके तरंगताना दिसायला लागले. डोळ्याच्या पडद्यावर रक्त साकळत होतं. तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं.

डॉ. मुजावर मॅडमनी आम्हाला समोर बसवून सगळं नीट समजावलं. बाई बोलायला मोकळ्या.

"वहिनी, गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी जे संप्रेरक रक्तात सोडते ना, त्यातलं बरंचसं कच्चं असतं. टी-फोर म्हणतात त्याला. ते पक्कं, म्हणजे टी-थ्री, करायचं काम यकृत, स्नायू, चरबी आपापल्या जागी करतात. त्यासाठी प्रत्येकाकडे आपापली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, असतात. रक्तात दिसतो तो फक्त शेगडीपर्यंत पोचलेला कोळसा. भाता किती मारायचा ते ही विकरं ठरवतात."

"मग ह्याचा थायरॉईड बिघडलाय?" मी विचारलं.

"नाही ना! तीच तर गंमत. रक्ताचा रिपोर्ट बघाल तर अगदी नॉर्मल. पण यकृताची विकरं बघा, ही जीजीटी, ही एएलटी, दोन्ही चढलेली. म्हणजे यकृतात चरबी साठतेय, आतला भाता थंड पडलाय. वर्षानुवर्षं आपण असल्या माणसाला थायरॉईडच्या गोळ्या देत राहिलो, म्हणजे कोळसाच ओतत राहिलो."

नवी गोष्ट होती ती ह्या भात्याची. तांदळाएवढं एक बी दंडात कातडीखाली बसवायचं. त्यातून रोज सूक्ष्म संदेश पेशींपर्यंत जातात, कुठलं विकर किती बनवायचं ते पेशींना शिकवतात. फक्त शिकवायचं कुणासारखं, हा प्रश्न. सरासरी माणसाचा साचा लावून पाहिला होता, शरीरं तो झुगारून देतात. सख्ख्या भावंडाचा नमुना मात्र धरतात. निरोगी भाऊ किंवा बहीण शोधायची, तिच्या रक्ता-स्नायूतल्या विकरांचं प्रमाण काढायचं आणि ते ह्याच्यात उतरवायचं. ह्याला म्हणतात जुळवणी.

"सहा महिने लागतात," मॅडम म्हणाल्या. "तोवर केव्हाही मागे फिरता येतं, बी बंद केलं की झालं. सहा महिन्यांनंतर मात्र पेशी शिकलेल्या असतात. बी विरघळून जातं आणि शिकलेलं कायम राहतं. जन्मभर औषध नको, हा तिचा फायदा. आणि मागे फिरता येत नाही, हा तोटा. दोन्ही लक्षात ठेवा."

हेमंतला भावंडं दोन. थोरले यशवंतदादा आणि धाकटी सुजाता, ती इचलकरंजीत दिलेली. मी म्हटलं, सुजाताचं रक्त घेऊ. तिची तब्येत ठणठणीत, ती लगेच येईल. तर घरात असा गहजब झाला की विचारू नका.

"दिल्या घरच्या लेकीकडे रक्त मागायचं?" मोठ्या जाऊबाई म्हणाल्या. "तिच्या सासरचे काय म्हणतील? उद्या तिला काही झालं तर तोंड कुठं दाखवायचं?"

"आणि दादा असताना?" हेमंतही तेच. "घरातला मोठा माणूस बाजूला ठेवून बहिणीकडे जायचं? दादांचा मान आहे तो."

दादा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. साठीला टेकले तरी अंगावर मूठभर मांस नाही. पहाटे उठून कृष्णेच्या घाटापर्यंत चालत जाणार, चार जिने धावत चढणार. आमच्या सासूबाई होत्या तोवर हेमंतला रोज त्यांचंच उदाहरण द्यायच्या. ते एकदाच बोलले. "सुजाताचं घेतलं तर बरं होईल. मी काय, वय झालेला माणूस." आम्ही सगळे हसलो. त्यांनी नम्रपणा दाखवावा आणि आम्ही आग्रह करावा, हे आमच्याकडे चालायचंच. मी एकटी म्हणत राहिले की अहो, ते स्वतः नको म्हणतायत ना, ऐका की! पण माझं कोण ऐकतंय?

दवाखान्यात दादांचं रक्त घेतलं, मांडीच्या स्नायूतला कणभर तुकडा घेतला. मॅडमनी विचारलं, "काही औषध चालू आहे? अगदी साधं असलं तरी सांगा."

दादांनी जाऊबाईंकडे पाहिलं. "तुळशीचा काढा," ते म्हणाले. मॅडम हसल्या आणि त्यांनी सही घेतली.

पहिले दोन महिने म्हणजे दिवाळीच! काय सांगू? इन्सुलिन निम्म्यावर आलं, मग बंदच झालं. यकृताची विकरं खाली आली. वजन असं उतरलं की शर्ट दोनदा शिवून घ्यावे लागले. पडद्यावरचं रक्त हटलं. हेमंत माझ्याबरोबर फिरायला यायला लागला, म्हणजे मीच त्याच्या मागे पळायला लागले. "अरे, हळू चाल, मी काय रेसचा घोडा आहे का?" मी म्हणायची. मी मुजावर मॅडमना पेढे नेऊन दिले. त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "वहिनी, डायबेटिसच्या दवाखान्यात पेढे?"

मग हळूहळू दुसऱ्या गोष्टी दिसायला लागल्या. थंडीतही त्याला पंखा लागायचा. कारागिरांवर तो खेकसायचा. ज्या माणसानं कधी आवाज चढवला नाही, त्यानं एकदा नुसतं जेवण उशिरा वाढलं म्हणून ताट सरकवलं. मी रडले नाही, मीही ताट तसंच उचलून आत ठेवलं आणि म्हटलं, आता ये मागायला. तो मागायला आला नाही. रात्रभर कूस बदलत राहिला आणि सकाळी मला म्हणाला, "मला काय होतंय तेच कळत नाही गं. आतून कुणीतरी ढकलतंय सारखं."

तिसऱ्या का चौथ्या महिन्यात धारवाडच्या बाईंचा तंबोरा परत आला. ह्या बाई वर्षानुवर्षं आमच्याकडेच जवारी काढून घेतात. त्यांनी स्वतः दुकानात येऊन तंबोरा हेमंतच्या पुढ्यात ठेवला. "हेमंत, हा तुझा हात नाही," म्हणाल्या. चिडून म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फार मायेनं म्हणाल्या.

हेमंतनं कानस उचलली. तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं. त्याच्या बोटांना कंप होता, अगदी बारीक. ताटातला भात सांडावा एवढा नाही, पण घोडीवर कानस टेकवली की ती थरथरायची. त्यानं दुसऱ्या हातानं मनगट धरून पाहिलं, श्वास धरून पाहिलं. शेवटी कानस खाली ठेवली आणि बाईंना म्हणाला, "दोन दिवस थांबा." बाई गेल्यावर तो तिथेच बसून राहिला. आमचं पोट त्याच हातावर होतं हे खरंच, पण त्याहून जास्त म्हणजे तो हात गेला तर हेमंत म्हणून उरतं काय, हे मला समजेना.

आम्ही मॅडमकडे धावलो. रक्त पुन्हा तपासलं. थायरॉईड नॉर्मल, साखर नॉर्मल, सगळं नॉर्मल! मॅडमनी नवे आकडे जुन्या रिपोर्टशेजारी ठेवून एकेक ओळ ताडून पाहिली.

"रक्तात कोळसा बेताचाच आहे," त्या म्हणाल्या. "पण लक्षणं सगळी आग जास्त झाल्याची आहेत. म्हणजे भाता जोरात चाललाय. असा भाता कुणाचा असतो माहितीये? ज्याचा कोळसा कुणीतरी मुद्दाम तोडलाय त्याचा. एखाद्याची ग्रंथी मुळात जास्त काम करत असेल आणि तो ती दाबायची गोळी घेत असेल, तर रक्तात पुरवठा कमी राहतो. मग पेशी विकरं वाढवून वाढवून तेवढ्यात भागवतात. त्याच्या अंगात त्याचं बरोबर जुळतं. पण तीच विकरं पूर्ण पुरवठा असलेल्या माणसात बसवली, तर..." त्यांनी हेमंतच्या हाताकडे पाहिलं. "दादा कसली गोळी घेतात का?"

"छे!" हेमंत म्हणाला.

"विचारून घ्या. त्यांना पुन्हा तपासायला आणलंत तर उत्तमच. अजून मुदत आहे, बी बंद करता येईल. फक्त एक आहे, बी बंद केलं की नमुना पुन्हा तपासावाच लागतो. त्यात दोष निघाला तर मला तो नोंदवावा लागतो आणि तो तुमच्या घराण्याच्या आरोग्यपत्रिकेवर चढतो."

आता ही आरोग्यपत्रिका म्हणजे काय ते सांगायला नको. लग्न जमवताना पूर्वी कुंडली बघत, आता कुंडलीबरोबर हीही बघतात. आई-बापाचे आजार, काका-मामाचे आजार, सगळं एका पानावर. आणि दादांच्या लेकीचं, गार्गीचं, पुण्यात लग्न जमत आलं होतं. चांगली माणसं होती, पण पत्रिका बघितल्याशिवाय साखरपुडा नाही म्हणणारी. गार्गी आणि तो मुलगा, दोघं एकमेकांत पुरते गुंतलेले. तिच्या आधीची दोन स्थळं अशीच मोडली होती, एक तर नुसतं मामाला दमा आहे म्हणून. पोरगी तेव्हा दोन दोन दिवस जेवायची नाही.

हेमंत म्हणाला, "मी एकटा जातो दादांकडे. तू येऊ नकोस, तू आलीस की भांडण होतं." हे खरंच होतं, म्हणून मी गेले नाही. तो संध्याकाळी परत आला, पाय धुतले, पाटावर बसला.

"काय म्हणाले?"

"काही नाही म्हणाले. काढाच घेतात."

"मग तपासणीला?"

"लग्न झाल्यावर येतो म्हणाले. आता गडबड आहे."

मी बोलायला तोंड उघडलं, पण त्यानं भाकरी मोडून माझ्या ताटात घातली. पूर्वी कधीतरी असं करायचा. मला बरं वाटलं आणि मी गप्प बसले.

पुढे लग्नाच्या धांदलीत मुदतीचे दिवस मोजायचे माझ्याकडून राहूनच गेले. लग्न थाटात झालं. गार्गी काय दिसत होती! हेमंत मांडवात सगळीकडे धावत होता. पंगतीत वाढायला तूप घेतलं तर त्याचा हात बघून मीच भांडं काढून घेतलं. सप्तपदीच्या वेळी दादा हेमंतला धरून ढसाढसा रडले. लेक चालली म्हणून रडतायत असं सगळ्यांना वाटलं. मलाही तसंच वाटलं.

लग्नानंतरच्या सोमवारी हेमंत कुणाला न सांगता मुजावर मॅडमकडे गेला. मला कळलं ते मॅडमनी फोन केला तेव्हा. "वहिनी, तुम्ही या. हेमंतराव इथे नुसते बसून आहेत."

मुदत संपून आठवडा झाला होता. बी विरघळलं होतं. दादा खरंच गोळी घेतात, एवढंच हेमंत बोलला.

मी दवाखान्यातून तडक दादांच्या घरी गेले. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. जाऊबाई दारात उभ्या राहून रडत होत्या. दादा आत गेले आणि गोळ्यांची पट्टी आणून त्यांनी माझ्यासमोर ठेवली. बारा वर्षांपासून घेत होते. ग्रंथी जास्त काम करते हे कळलं तेव्हा गार्गी शाळेत होती. "पुढे पोरीला उजवायचं आहे, वाच्यता नको," असं तेव्हाच नवरा-बायकोचं ठरलं होतं. लांबच्या गावच्या डॉक्टरकडून रोख पैसे देऊन औषध आणायचे. ज्या काटकपणाचं आम्ही एवढं कौतुक करायचो, तो आजार होता.

"दादा, माझ्या नवऱ्याचा हात गेला हो," मी म्हटलं. "त्या दिवशी तो विचारायला आला होता. त्या दिवशी तरी खरं सांगायचंत. वेळ होता!"

दादांनी मान वर केली. "सांगितलं होतं."

मला आधी कळलंच नाही.

"सगळं सांगितलं होतं त्याला. ही पट्टी दाखवली. म्हटलं, चल आत्ता मॅडमकडे, गार्गीचं काय व्हायचं ते होऊ दे. तोच नको म्हणाला. म्हणाला, लग्न होऊ दे, मग बघू. तुला सांगू नको म्हणून शपथ घातली त्यानं."

मी घरी कशी आले मला आठवत नाही. हेमंत दुकानात होता. समोर घोडी, हातात काही नाही.

"का?" मी विचारलं. "का केलंस असं?"

त्यानं घोडी बाजूला सरकवली. मग म्हणाला, "मला वाटलं, सहा महिने म्हणजे काही अगदी सहा महिनेच नसतात. डॉक्टर लोक हातचं राखून सांगतात. औषधाच्या बाटलीवरची तारीख टळली तरी महिनाभर चालतंच ना. लाइटबिलाची तारीख टळली म्हणून कुणी लगेच वायर तोडत नाही. आठ-दहा दिवसांचा तर प्रश्न होता गं."

"आणि मॅडमनी बजावून सांगितलं होतं ते?"

"सगळेच बजावून सांगतात." तो माझ्याकडे बघत नव्हता. "पोरगी माझ्याही अंगाखांद्यावर वाढलीय. आपल्याला मूल नाही, मग कुणाचं करायचं?"

मला त्याचे केस धरून गदागदा हलवावंसं वाटलं. आणि त्याच वेळी त्याचं डोकं पोटाशी धरावंसं वाटलं. मी दोन्हीतलं काही केलं नाही. मी तिथेच खाली बसले आणि रडले.

मॅडमनी पुढे जे करता येत होतं ते सगळं केलं. दादांच्याच गोळ्या हेमंतला चालू केल्या, कंप कमी करायच्या दुसऱ्या गोळ्या दिल्या. चहाचा कप आता हलत नाही. सही नीट येते. पण जवारीला तेवढं पुरत नाही, आणि गोळी वाढवली की साखर वर सरकते, डोळे पुन्हा धोक्यात. त्यामुळे आमच्याकडे येणाऱ्या तंबोऱ्यांच्या घोड्या आता पलीकडच्या गल्लीत सादिकभाईंकडे जातात. सादिकभाई भला माणूस आहे, कुणाला सांगत नाही. तंबोरा परत आला की हेमंत तार छेडतो, ऐकतो, आणि "छान झालंय" म्हणतो. कधी कधी खरंच छान झालेलं असतं. कधी कधी नसतं, आणि ते त्याला आणि मलाच कळतं. मॅडमनी दोष नोंदवला तेव्हा गार्गी सासरी रुळली होती, आणि लग्न झालेल्या मुलीची पत्रिका कुणी उघडून बघत नाही.

गेल्या आठवड्यात गार्गीचा फोन आला. तिला दिवस गेलेत. आधी मनसोक्त किंचाळून झालं, मग डोहाळे सांगून झाले.

"काकू, बाळाच्या जन्माच्या वेळी काकांनीच जवारी काढलेला एक तंबोरा पाहिजे मला. छोटासा. लहानपणापासून कानावर पडला पाहिजे." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आई म्हणत होती काकांचा हात हल्ली चालत नाही. असं अचानक कशामुळे झालं गं? ती जुळवणी सोसली नाही का? कुणाची चूक झाली?"

हेमंत समोरच खुर्चीत बसला होता. फोनचा आवाज मोठा होता, त्याला सगळं ऐकू येत होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. शपथ घालायची त्याला गरज पडली नाही.

"वयानं होतं गं बाळा," मी म्हटलं. "चूक कुणाची असायची?"

फोन ठेवला. इतके दिवस मी दादांशी बोलत नव्हते, त्यांच्या घरचं पाणी पीत नव्हते. त्या क्षणानंतर मला त्यांचा रागही नीट करता येईना.